सबुरीचा सल्ला

इंडोनेशियांतून परदेशीं शिकण्यास जाणारे विद्यार्थी आणि परदेशीं मोलमजुरीस जाणारे स्त्रीपुरुष यांना 'मानसिक आधार' दिला पाहिजे, असा घोष अलीकडे त्या देशांत आणि त्या देशाबाहेरही बराच ऐकूं येऊं लागला आहे. त्यासाठीं बैठकी भरतात, तज्ज्ञांचीं व्याख्यानें होतात, मन शांत ठेवण्याच्या युक्त्या छापून वांटल्या जातात. कोणाचें दुःख ऐकून घेण्यास कोणी बसत असेल तर त्यांत वाईट तें काय, असें वाचक म्हणेल. आणि आम्हीही तेंच म्हणतों. आमचें भांडण समुपदेशनाशीं नाहीं. ऐकणारा कान कोणाच्या मालकीचा आहे, एवढेंच आम्हांस विचारावयाचें आहे. ज्याच्या मुठींत पासपोर्ट, पगार किंवा शिष्यवृत्ति आहे त्याच्याच कानांत दुःख सांगावयास लावावयाचें, आणि वर त्याला आधार म्हणावयाचें, हा प्रकार आम्हांस मान्य नाहीं. व तो कां मान्य नाहीं हें थोडें विस्तारानें सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम या माणसांची गणती पाहूं. जागतिक बँकेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणें सुमारें ९० लाख इंडोनेशियन माणसें परदेशांत कामाला होतीं. म्हणजे त्या देशाच्या कामकरी वर्गापैकीं शंभरांत सात, आणि त्यांतलीं निम्म्याहून अधिक कागदपत्रांवांचून गेलेलीं! मलेशियांतील तेल्या ताडाचे मळे, सौदी अरबस्तानांतील घरें, हाँगकाँग व सिंगापूर येथील स्वयंपाकघरें, तैवानांतील अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या खोल्या आणि तेथल्याच मासेमारी बोटी, हीं त्यांचीं कामाचीं ठिकाणें. जावाचे इंद्रमायु, पोनोरोगो, ब्लितार हे जिल्हे, लोंबोक बेट आणि पश्चिम तिमोर हीं त्यांचीं गांवें. या लोकांना त्यांच्या देशांत एक पदवी बहाल केलेली आहे: 'पाह्लावान देविसा'. देविसा म्हणजे परकीय चलन. पाह्लावान हा शब्द तर आपल्या पैलवानाचा सख्खा भाऊ. दोघेही फारसीच्या पोटचे. आपल्याकडे तो तालमींत राहिला, तिकडे जाऊन वीरपुरुष झाला. तेव्हां हे परकीय चलनाचे पैलवान! पदवी मोठी आहे खरी; पण पैलवानाला चारचौघांत रडतां येत नाहीं, ही तिच्यांतली मेख पदवी देणाऱ्यांच्या ध्यानीं आली होती कीं काय कोण जाणे.

मराठी वाचकाला जावा-सुमात्राचें हें प्रकरण परकें वाटण्याचें कारण नाहीं. त्या भाषेंत जरासें डोकावलें तरी आपल्याच घरचीं भांडीं दुसऱ्याच्या फडताळांत मांडलेलीं दिसावीं तसें होतें. विद्यापीठांत शिकणारा तो 'महासिस्वा', म्हणजे महाशिष्य. काम म्हणजे 'केर्जा', आपलें कार्य. वेड्यांचें इस्पितळ म्हणजे 'रुमा साकित जीवा', दुखणाऱ्या जीवाचें घर. हें नांव आपल्या 'वेड्यांच्या इस्पितळा'पेक्षां किती तरी सभ्य आहे. निराश होणें म्हणजे 'पुतुस आसा', आशा तुटणें. आणि 'सेंगसारा' हा शब्द? तो आपला संसार. पण त्या भाषेंत त्याचा अर्थ हालअपेष्टा. आपल्या संतांनीं ज्यासाठीं शेंकडों अभंग खर्चीं घातले तें त्या लोकांनीं एका शब्दांत कोशांत लिहून टाकलें! आणखी दोन शब्द आमच्या विषयाला फारच जवळचे आहेत. बोलणें याला ते लोक 'बिचारा' म्हणतात. हा आपल्या दीनवाण्या बिचाऱ्यांतला नव्हे, तर संस्कृत 'विचार' शब्दांतला. आणि सोसणें, दम धरणें याला ते म्हणतात 'साबार'. हीच आपली सबुरी. आतां इंडोनेशियन मोलकरणीची सारी कहाणी या दोन शब्दांत सांगतां येईल: तिला हवा असतो बिचारा, आणि तिला मिळतो साबार.

दलाल म्हणतो साबार, दोन वर्षांचा तर करार आहे. आई म्हणते साबार, कर्ज अजून फिटलेलें नाहीं. गांवचा धर्मगुरु म्हणतो साबार, ईश्वर परीक्षा पाहतो आहे. आणि आतां पदवीधर समुपदेशकही शास्त्राच्या भाषेंत तेंच म्हणणार असेल, श्वास सावकाश घ्या, परिस्थितीकडे पाहण्याची दृष्टि बदला, तर त्यानें धर्मगुरूपेक्षां निराळें काय दिलें? सबुरी हा गुण मोठा खरा. परंतु तो ज्यानें त्यानें स्वतः धरावयाचा असतो. दुसऱ्याच्या गळ्यांत बांधला म्हणजे त्याचा लोढणा होतो.

दुःख सांगण्याची जी रीत या लोकांची आहे तीही आमच्या तज्ज्ञांनीं नीट पाहावी. जावांतली सामान्य बाई 'मी खिन्न आहें' असें म्हणत नाहीं. ती म्हणते 'मासुक आंगिन', अंगांत वारा शिरला. मग एखादी मैत्रीण तिच्या पाठीला तेल लावून नाण्याच्या कडेनें लाल रेघा उमटेपर्यंत ती खरडते. या उपचाराला केरोकान असें नांव आहे. वैद्यकशास्त्र या वाऱ्याला हसेल. आम्हांस हसूं येत नाहीं. आपल्याकडे 'जिवाला बरें नाहीं' एवढ्या तीन शब्दांत तापापासून जिव्हारीं लागलेल्या बोलापर्यंत सगळें मावतें, तसाच हा वारा. शिवाय केरोकानांत एक गोष्ट अशी आहे कीं जी कोणत्याही छापील प्रश्नावलींत सांपडणार नाहीं: आपल्या पाठीशीं अर्धा तास कोणीतरी बसलेलें असतें. परक्याच्या घरीं एकटी राहणाऱ्या मोलकरणीची पाठ कोणीं खरडावी? ती डोकें दुखतें म्हणते, पोटांत गोळा उठतो म्हणते, झोंप येत नाहीं म्हणते. तिला एक गोळी देतात आणि कामाला लावतात.

आतां कायद्याकडे वळूं. मजुरांच्या मनाची वास्तपुस्त करण्याचें इंडोनेशियन सरकारला सुचलें नव्हतें असें नाहीं. २००४ च्या ३९ व्या कायद्यानेंच परदेशीं जाणाऱ्या प्रत्येक उमेदवाराची शारीरिक आणि मानसिक तपासणी आवश्यक ठरविली होती. पण ती कशासाठीं? उमेदवाराच्या मनाची तयारी कितपत झाली आहे, आणि त्याचा स्वभाव परदेशांत करावयाच्या कामाला जुळतो कीं नाहीं, हें समजावें म्हणून. मानसशास्त्राचा हा उपयोग वाचून आम्हांस बैलबाजाराची आठवण झाली. तेथेंही दांत मोजतात, खांदा चांचपतात, बैल मारका आहे कीं गरीब आहे तें पाहतात. आणि तें सारें घेणाऱ्याच्या सोयीसाठीं पाहतात, बैलाच्या नव्हे. मालकिणीचा स्वभाव मोलकरणीशीं जुळेल कीं नाहीं, याची तपासणी कोणत्या कायद्यानें सांगितली आहे? हा कायदा जाऊन त्याच्या जागीं २०१७ चा १८ वा कायदा आला. तो पुष्कळ बरा आहे हें आम्ही मोकळेपणानें कबूल करतों. नोकरी लावून देण्याचा खर्च मजुराच्या माथीं मारूं नये असें त्याचें ३० वें कलम सांगतें, आणि परत आलेल्यांचें सामाजिक पुनर्वसन करावें असाही त्यांत उल्लेख आहे. परंतु जाणाऱ्यानें शरीरानें व मनानें निरोगी असलेंच पाहिजे, ही अट येथेंही दारावर उभी आहे. जातांना मन धड असल्याचा दाखला मागावयाचा आणि येतांना त्या मनाचें काय झालें तें विचारावयाचें कीं नाहीं हें ज्याच्या त्याच्या दयेवर सोडावयाचें, असा हा न्याय आहे.

यजमान देशांचें पाहिलें तर तेथेंही चाल हीच. सिंगापुरांत मोलकरणीची दर सहा महिन्यांनीं वैद्यकीय तपासणी होते. कशाची? ती गरोदर नाहीं ना आणि तिला कांहीं सांसर्गिक रोग नाहीं ना, याची. गरोदर निघाली तर तिची पाठवणी होते. (२०२२ पासून अंगावरच्या संशयास्पद जखमांकडेही डॉक्टरांनीं लक्ष द्यावें असें ठरलें, हें चांगलें झालें, पण अनेकींचीं अंगें सोलून निघाल्यावर झालें.) त्याच शहरांत आठवड्याची सुटी कायद्यांत आली ती २०१३ सालीं, तीही पैसे देऊन विकत घेतां येत असे. महिन्यांतून निदान एक दिवस तरी विकत घेतां येणार नाहीं, हा नियम व्हावयास २०२३ साल उजाडावें लागलें. जिला महिन्यांतून एक दिवस आपला म्हणतां येतो तिनें समुपदेशकाकडे जावयाचें केव्हां? तैवानांत घरोघर वृद्धांची सेवा करणाऱ्या परदेशी बायांना तेथील मुख्य कामगार कायदा लागूच नाहीं. हाँगकाँगांत आठवड्याची सुटी आहे. पण १९८७ पासून असा नियम आहे कीं नोकरी सुटली तर दोन आठवड्यांत देश सोडावा, आणि २००३ पासून असाही कीं मोलकरणीनें मालकाच्याच घरांत राहिलें पाहिजे. या दोन नियमांमध्यें सांपडलेल्या बाईची झोंप उडाली तर तो मनाचा रोग म्हणावयाचा कीं नियमाचा गुण? आम्ही वैद्य नाहीं; परंतु पायांत खिळा रुतलेल्या माणसाला चालण्याची भीति वाटते म्हणून त्याच्या भीतीवर उपचार करणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणूं?

एर्वियाना सुलिस्त्यानिंग्सिह् हिची हकीगत जगजाहीर आहे. पूर्व जावांतील न्गावी जिल्ह्यांतली ही मुलगी हाँगकाँगांत एका घरीं कामाला होती. मालकिणीनें तिला मारझोड केली, उपाशी ठेविली, झोपूं दिली नाहीं. आणि जानेवारी २०१४ मध्यें चालतांही येत नाहीं अशा स्थितींत तिची परत पाठवणी केली. पुढें फेब्रुवारी २०१५ मध्यें त्या मालकिणीला सहा वर्षांची शिक्षा झाली. लोकांना ही शिक्षा लक्षांत राहिली. आमच्या लक्षांत राहिली ती दुसरी गोष्ट. पहिल्याच महिन्यांत एर्वियाना त्या घरांतून पळाली होती. पळाल्यावर तिनें आपलें दुःख सांगितलें कोणाला? जिच्या ओळखीनें ती तेथें लागली त्या दलाल पेढीला. कारण त्या शहरांत तिचें दुसरें कोणी नव्हतें. आणि त्या पेढीनें तिला परत त्याच घरीं नेऊन सोडलें. दलालीचें देणें फिटावयाचें होतें! ऐकणारा कान होता. त्यानें ऐकलें सुद्धां. पण तो कान देण्याघेण्याच्या वहीला शिवलेला होता. आमचा सगळा पक्ष या एका उदाहरणांत आहे. जातां जातां एवढें सांगितलें पाहिजे कीं हीच मुलगी पुढें योग्यकर्त्याच्या विद्यापीठांत शिकूं लागली आणि आपल्यासारख्या इतर बायांसाठीं बोलूं लागली. मोलकरीण निराळी आणि महासिस्वा निराळी, असें मानणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

दुसरें उदाहरण याहूनही कठोर आहे. सिती झैनाब ही मदुरा बेटावरील बांकालान येथली बाई मदिना शहरांत घरकामाला होती. १९९९ मध्यें मालकाच्या बायकोचा खून केल्याच्या आरोपावरून तिला पकडलें. तिच्या मनावर परिणाम झाला असावा असा संशय त्या वेळीं पोलिसांनाच आला होता, असें अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेनें नमूद केलें आहे. तिला वकील नव्हता. पोलिसांसमोर दिलेल्या जबानीवर तिला देहान्ताची शिक्षा झाली. मयत बाईचें धाकटें मूल वयांत येऊन क्षमा करतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं तिला तुरुंगांत ठेवण्यांत आलें. आणि तब्बल पंधरा वर्षांवर काळ लोटल्यानंतर १४ एप्रिल २०१५ रोजीं तिचा शिरच्छेद झाला. इंडोनेशियन सरकारलाही आगाऊ कळविलें नव्हतें. दोनच दिवसांनीं कार्नी नांवाच्या दुसऱ्या इंडोनेशियन मोलकरणीची तीच गत झाली. खून हा खून आहे, आणि मेलेल्या बाईच्या मुलांचें दुःख आम्ही लहान मानीत नाहीं. परंतु ज्या बाईचें मन ठिकाणावर नाहीं असें पकडणाऱ्यासच वाटलें तिला त्या पंधरा वर्षांत त्या मनाविषयीं न्यायासनापुढें कोणीं बोलावयाचें होतें? या घटनांनंतर त्याच वर्षीं सरकारनें अरब देशांत घरकामासाठीं बाया पाठविणें बंद केलें. बंदी झाली म्हणून जाणें थांबलें नाहीं. पुष्कळ जणी आडवाटेनें गेल्या, आणि आडवाटेनें गेलेलीला वकिलातीच्या पायऱ्या चढावयासही भय वाटतें.

येथें एक आक्षेप येतो तो वजनदार आहे. म्हणतात, परदेशीं जाऊन कष्ट उपसणें ही त्या लोकांची जुनी परंपरा आहे. पश्चिम सुमात्रांतील मिनांगकाबाउ लोकांत तर 'मेरांताउ' म्हणजे गांव सोडून देशोदेशीं जाणें हा तरुणाच्या मोठेपणाचा संस्कारच आहे. त्याला मानसिक आजाराचें रूप देऊन तुम्ही एका धीट जातीला रडकी करणार. आक्षेपकांनीं मेरांताउची थोडी अधिक माहिती करून घेतली तर बरें. मिनांगकाबाउ समाजांत घर व जमीन आईकडून मुलीकडे जाते. मुलगा वयांत येऊं लागला म्हणजे प्रार्थनामंदिरांत इतर मुलांबरोबर निजावयास जाई, आणि पुढें परगांवीं गेला तरी तेथें त्याच्या गांवाचें मंडळ, गांवाची खाणावळ, गांवाचा मामा हजर असे. तो एकटा जात नसे. एक सारें गांव त्याच्यापुढें आधींच जाऊन बसलेलें असे. आणि जातां येत होतें तसें परतही येतां येत होतें. पासपोर्ट कोणी कपाटांत कुलपांत ठेवीत नव्हतें. करारावर जाणाऱ्या अठरा-वीस वर्षांच्या मुलीला या परंपरेचें नांव देणें म्हणजे कैद्याला तीर्थयात्री म्हणण्यापैकीं आहे.

विद्यार्थ्यांची कहाणी वरवर पाहतां निराळी. त्यांस मारझोड होत नाहीं, त्यांची खोली स्वतःची असते, आणि त्यांच्या दुःखाला लॅटिन नांवें मिळतात. १९०८ सालीं हॉलंडांत इंडोनेशियन विद्यार्थ्यांनीं जें मंडळ काढलें त्याचें पुढें पेर्हिंपुनान इंडोनेशिया झालें. मोहम्मद हाट्टा हा स्वतः मिनांगकाबाउ. तो त्याच मंडळांत वाढला, १९२७ मध्यें पकडला गेला आणि पुढल्या वर्षीं निर्दोष सुटला. घरापासून हजारों कोस दूर, थंडींत कुडकुडणाऱ्या त्या मुलांना समुपदेशक नव्हता. त्यांना एकमेकांचा शेजार होता आणि आपल्या दुःखाला कारण आहे, त्या कारणाला नांव आहे, हें ठाऊक होतें. आजच्या विद्यार्थ्याला सरकारी शिष्यवृत्ति मिळते. २०१२ च्या सुमारास सुरू झालेल्या एल.पी.डी.पी. निधींतून हजारों मुलें परदेशीं गेलीं हें भूषणावह आहे. मात्र त्या शिष्यवृत्तीला मायदेशीं परतण्याचें बंधन आहे, अभ्यास वेळेंत संपविण्याचा धाक आहे, आणि अट मोडली तर पैसे परत करण्याची पाळी आहे. सार्वजनिक पैशाला अट असावी यांत आम्हांस अयोग्य कांहींच दिसत नाहीं. पण अशा विद्यार्थ्याला झोंप येईनाशी झाली, ग्रंथालयाची पायरी चढवेना, तर त्यानें सांगावें कोणाला? शिष्यवृत्ति देणाऱ्याला सांगितलें तर शिष्यवृत्ति जाईल असें त्याला वाटणार. बरोबरीच्या मुलांना सांगितलें तर बातमी आठ दिवसांत गांवीं पोहोंचेल असें वाटणार. तें वाटणें खरें असो वा खोटें, त्याचें तोंड बंद व्हावयास तें पुरेसें आहे. सगळ्या गांवानें मिठाई खाऊन ज्याला निरोप दिला तो नापास होऊन परत कोणत्या तोंडानें येईल? मोलकरणीला सावकाराचें कर्ज असतें. याला कौतुकाचें असतें, आणि तें हप्त्यानें फिटत नाहीं.

शिवाय विद्यार्थी आणि मजूर यांच्यामधली भिंत आपण समजतों तेवढी जाड राहिलेली नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत इंडोनेशियाच्या ३३ विद्यापीठांतील १,०४७ विद्यार्थी 'अनुभवशिक्षण' म्हणून जर्मनींत नेण्यांत आले. तेथें गेल्यावर त्यांना कळलें कीं हें शिक्षण नव्हे. जर्मन भाषेंत ज्याला फेरियनजॉब म्हणजे सुटींतली मजुरी म्हणतात तें हें काम. अभियंता किंवा अध्यापक व्हावयास निघालेलीं मुलें खोकीं उचलूं लागलीं, आणि प्रवासाच्या खर्चाचें कर्ज त्यांच्या मजुरींतून कापलें जाऊं लागलें. मार्च २०२४ मध्यें इंडोनेशियन पोलिसांनीं मनुष्यांचा अवैध व्यापार या सदराखालीं संशयितांचीं नांवें जाहीर केलीं. यांतलें सर्वांत बोचणारें तें हें कीं या मुलांना पाठविण्यांत त्यांच्या विद्यापीठांचाच हात लागला होता. महाशिष्याला गुरुगृहानेंच बाजार दाखविला! आतां अशा मुलाच्या मनाला आधार द्यावयाचा म्हणून त्याच विद्यापीठाच्या समुपदेशनकक्षांत त्याला बसविणार काय?

मग खरा आधार कोठें मिळतो? हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कमध्यें रविवारीं जावें. हजारों इंडोनेशियन बाया सतरंज्या आणि पुठ्ठे पसरून बसलेल्या असतात. डबे उघडतात, एकमेकींचे केंस विंचरतात, कुराण वाचतात, गातात, भांडतात, आणि मुख्य म्हणजे बोलतात. लोला अमारिया या दिग्दर्शिकेनें २०१० सालीं याच बागेचें नांव देऊन दोन बहिणींचा एक चित्रपट काढला होता. तैपेईच्या मुख्य रेल्वे स्थानकाच्या दालनांत काळ्यापांढऱ्या फरशीवर असाच मेळा बसतो, ईदच्या दिवसांत तर पाय ठेवावयास जागा नसते. २०२० मध्यें साथीचें निमित्त होऊन तेथें बसण्याची मनाई झाली आणि ती कायमची करण्याचा घाट घातला गेला. तेव्हां तैवानांतल्या नागरिकांनीं स्वतः जमिनीवर बसून विरोध केला, आणि तो बेत बारगळला. एक फरशी मोकळी राहिली. दहा व्याख्यानांनीं जें झालें नसतें तें या फरशीनें होतें, असें आम्हांस मनापासून वाटतें. त्याच तैवानांत २०१४ पासून परदेशी कामकऱ्यांच्या लिखाणाला पारितोषिक देण्याची प्रथा सुरू झाली. आपल्याच भाषेंत लिहावयाचें, आणि तें कोणीतरी वाचावयाचें. २००९ पासून चालूं असलेला १९५५ क्रमांकाचा दूरध्वनीही चोवीस तास, इंडोनेशियन भाषेंतसुद्धां, तक्रार घेतो. तो चांगला आहे. फक्त बाईच्या हातांत दूरध्वनियंत्र राहूं दिलेलें असलें पाहिजे.

आमच्या या बोलण्यावरून कोणी असा अर्थ काढील कीं बागेंत गप्पा मारल्या म्हणजे वेड बरें होतें. तसें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं जखमा मैत्रिणीच्या हातानें भरून येण्यासारख्या नसतात. तेथें शिकलेला वैद्यच पाहिजे, औषधही पाहिजे. पण तो आहे कोठें? २७ कोटींहून अधिक वस्तीच्या त्या देशांत दोन लाख माणसांमागें जेमतेम एक मानसरोगतज्ज्ञ डॉक्टर पडतो, आणि तोही बहुधा मोठ्या शहरांत. वेड्या माणसाला लांकडाच्या खोड्यांत किंवा साखळींत अडकवून ठेवण्याची 'पासुंग' नांवाची चाल सरकारनें १९७७ मध्यें निषिद्ध ठरविली. तरी २०१६ सालच्या ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेच्या अहवालांत तीच चाल पानोपानीं आहे. परदेशांतून मन हरवून आलेली बाई ज्या खेड्यांत उतरते तें हें खेडें. तेथें तिचें मूल आजीला आई म्हणूं लागलेलें असतें, पाठविलेल्या पैशांचें घर उभें असतें किंवा नवऱ्यानें उडविलेले असतात, आणि तिच्या न बोलण्याला लोक भूतबाधा म्हणतात. पश्चिम तिमोरच्या कुपांग बंदरीं तर अलीकडच्या वर्षांत परदेशांतून शंभरावर शवपेट्या वर्षाला उतरतात. घरकाम करणाऱ्या बायांना स्वदेशांत हक्क देणारें जें विधेयक २००४ मध्यें प्रथम मांडलें गेलें तें २०२४ साल संपलें तरी संमत झालें नव्हतें. स्वतःच्या स्वयंपाकघरांतल्या मोलकरणीला जें राष्ट्र वीस वर्षें कामगार म्हणावयास तयार नव्हतें, त्यानें दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांकडे दाद कोणत्या तोंडानें मागावयाची?

आपण मराठी लोकांनीं यांत नाकें मुरडण्याचें कारण नाहीं. मनिऑर्डरीवर जगणारें कोंकण आपलेंच, बोटीवर जाणारा गोव्याचा खलाशी आपलाच, आणि आखाती देशांत दोन पिढ्या घालविलेलीं रत्नागिरीकडचीं माणसेंही आपलींच. गोव्याच्या खलाशांनीं मुंबईंत गांवोगांवचे 'कूड' काढले, तेथें बोटीची वाट पाहणाऱ्याला अंथरूण आणि गांवची भाषा मिळे. मिनांगकाबाउच्या मंडळांचें हें आपल्या किनाऱ्यावरचें रूप. त्या कुडांचें मोल आपण तरी कोठें ओळखलें?

असो. इंडोनेशियन सरकारनें २०२४ च्या ऑक्टोबरांत परदेशस्थ मजुरांसाठीं स्वतंत्र मंत्रालय काढलें आहे. त्या मंत्रालयाला आमचें म्हणणें ऐकूं जाईल असा आमचा भ्रम नाहीं. पण म्हणावयाचें तें म्हटलें पाहिजे. मजुराचें किंवा विद्यार्थ्याचें दुःख ऐकणारा माणूस दलालाचा, मालकाचा, विद्यापीठाचा किंवा शिष्यवृत्तिखात्याचा नोकर असतां कामा नये, आणि त्यानें ऐकलेलें कोणत्याही अर्जाच्या फाइलींत जातां कामा नये. पाठविणाऱ्या तपासणीला समुपदेशन म्हणणें बंद करावें. ती छाननी आहे, तिला छाननीच म्हणावें. करार करतांना सुटीचा दिवस आणि दूरध्वनियंत्र या दोन गोष्टी पगाराइतक्याच ठळक अक्षरांत लिहाव्या, कारण त्यांवांचून जगांतला उत्तमांत उत्तम समुपदेशकही त्या बाईपर्यंत पोहोंचत नाहीं. परत येणारीला विमानतळावर फुलें देण्यापेक्षां तिच्या तालुक्याच्या दवाखान्यांत आठवड्यांतून एक दिवस शिकलेली परिचारिका बसवावी. आणि ती परिचारिका, तो दूरध्वनीवरचा आवाज, तो वकिलातींतला माणूस, यांस राजभाषेखेरीज जावानी, मदुरी, लोंबोकची सासाक, तिमोरची दावान यांपैकीं एक तरी येत असावी. इंडोनेशियन भाषेंत त्या मुलींनीं शाळेचे धडे पाठ केले, अर्ज भरले आणि करारावर सह्या केल्या. अंगांत वारा शिरला असें त्या आईपाशीं सांगत, तें या दुसऱ्या भाषांत.